दिवाळीनंतरची खिडकी

शेठचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, विश्रामबागच्या दुकानात एका लॅपटॉपच्या बिजागरीशी झटत होतो. ‘लेका, कॉम्प्युटर चालू केला की बारकी खिडकी येतीय बघ. ओके म्हटलं की जातीय, परत येतीय. सीझन तोंडावर आलाय, ये की.’

शेठ म्हणजे शाळेतला माझ्या बाकावरचा मित्र. मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. ‘शेठ’ म्हणायला मी गमतीनं सुरुवात केली होती, आता त्याच्या दिवाणजींसमोर दुसरं काही म्हणता येत नाही. आमच्या धंद्यात मित्राचं काम सर्वांत अवघड. पैसे मागता येत नाहीत, ‘दोन दिवसांनी बघतो’ म्हणता येत नाही आणि काही बिघडलं तर बातमी थेट त्याच्या आईपर्यंत जाते.

गेलो तर माझ्याआधी दोघं हात मारून गेले होते. एक शेठचा भाचा, इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मशीन ‘फास्ट’ करणारी दोन फुकट सॉफ्टवेअरं टाकून ठेवली होती, त्यामुळे खिडकी होती तिथंच होती आणि वर जाहिराती यायला लागल्या होत्या. दुसरा आमच्याच लाइनीतला. त्यानं पाच मिनिटं बघून सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल, दीड हजार. डोकं दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचं मुंडण करायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. शिवाय त्या मशीनवर पट्ट्यांचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचं सॉफ्टवेअर, पाच वर्षांचे शेतकऱ्यांचे हिशेब आणि महत्प्रयासानं चालू झालेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो प्रिंटर मीच बसवला होता, म्हणून सांगतो, परत बसवायचं माझ्या जिवावर आलं असतं.

कॉम्प्युटरवर दिवाणजी बसतात. वय सत्तरीला आलेलं, अक्षर मोत्यासारखं. आयुष्य हातानं पट्ट्या लिहिण्यात गेलं आणि आता एका बोटानं टाइप करतात, पण हमाली-तोलाईत पैशाची चूक नाही. मी खुर्चीवर बसायच्या आत त्यांनी मला समजावून सांगितलं, ‘सकाळी दोन येतात. पहिलीला ओके म्हणायचं. दुसरी अर्ध्या तासाच्या आत येते, तिला ओके म्हणायचं नाही, ओढून खाली कोपऱ्यात ठेवायची. दिवसभर तिसरी येत नाही. चुकून ओके म्हटलं की थोड्या वेळानं परत हजर.’

मी ‘हो हो काका’ म्हणालो आणि कामाला लागलो. तिथंच चुकलो.

खिडकीवर लिहिलं होतं, ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’, आणि खाली, स्क्रिप्ट फाइल सापडत नाही. पुढं लांबलचक पत्ता, शेवटी ‘व्हीबीएस’. असा पत्ता लोक फोनवरून वाचून दाखवतात तेव्हा निम्मी अक्षरं गळतात. खरं तर अशी खिडकी समोर असताना कंट्रोल आणि सी दाबलं की तिच्यातला सगळा मजकूर कॉपी होतो. नोटपॅड उघडायचं आणि चिकटवायचं. ही साधी गोष्ट मी आजवर शंभर जणांना सांगितली असेल, तरी लोक मोबाइलनं स्क्रीनचा तिरका फोटो काढून पाठवतात आणि त्यात ट्यूबलाइट दिसते.

पत्ता पाहिला आणि दुखणं ओळखलं. पेन ड्राइव्हमधून येणारा किडा. तो पेन ड्राइव्हवरची खरी फोल्डरं लपवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट मांडतो. तुम्ही शॉर्टकटवर क्लिक केलं की आतलं फोल्डर उघडतंही, म्हणून संशय येत नाही, पण उघडता उघडता किडा मशीनमध्ये आपली एक प्रत ‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरच्या आत टाकतो आणि दर वेळी चालू होण्याची सोय करून ठेवतो. या मशीनमधली ती प्रत अँटिव्हायरसनं उचलून नेली होती. सोय मात्र तशीच मागं राहिली. शाळा सोडून गेलेल्या पोराचं नाव हजेरीपटावर राहावं आणि मास्तरांनी रोज सकाळी पुकारावं, तसं विंडोज रोज त्या फाइलला हाक मारत होतं. फाइल ओ देत नव्हती, म्हणून ती खिडकी.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीनबरोबर सुरू होणाऱ्या गोष्टींच्या यादीत, ही नोंद दिसते, पण नावापुढं मायक्रोसॉफ्ट असतं, कारण हाक मारणारा प्रोग्रॅम खरोखरच मायक्रोसॉफ्टचा असतो. भाचा तिथंच फसला होता, कंपनीचंच आहे म्हणून त्यानं हात लावला नाही. तिथं रकान्यांच्या नावांच्या ओळीवर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा रकाना उघडला की पूर्ण ओळ दिसते आणि शेपटीला ती व्हीबीएस फाइल बाहेर येते. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही, तिच्यात ‘रन’ नावाची जागा आहे, तिथली नोंद काढली. मशीन बंद करून चालू केलं. खिडकी नाही. पिशवी आवरली, चहा आला, शेठ म्हणाला, ‘बघ, ह्याला म्हणतात माणूस.’

कप खाली ठेवतोय तोवर खिडकी आली.

दिवाणजी काही बोलले नाहीत. नुसतं दोन बोटं वर केली.

दुसरी खिडकी खरंच वेगळी होती. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये एक काम लावलेलं होतं, नावाजलेल्या एका प्रोग्रॅमच्या नावात एक अक्षर जादा घालून, दर तीस मिनिटांनी. आणि शेड्युलरचा मूळ नियम असा, की आधीचं काम संपलेलं नसेल तर तेच काम दुसऱ्यांदा सुरू करायचं नाही. खिडकी उघडी आहे तोवर त्याच्या हिशेबी काम चालूच आहे. म्हणून कोपऱ्यात ढकललेली खिडकी दिवसभर पुढची थोपवून धरायची. मला हे समजायला दोन तास आणि तीन चहा लागले. ज्या माणसाला शेड्युलर हा शब्द माहीत नाही, त्यानं तीन महिने नुसतं बघून तो नियम शोधून काढला होता आणि मला आल्या आल्या सांगितलाही होता.

मग मी मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ चालवलं. आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टी ते एका ठिकाणी मांडतं आणि जिची फाइल जागेवर नाही ती ओळ पिवळी करतं. आधीच वापरायला हवं होतं, पण सोप्या कामाला कशाला, हा माज. भाच्याची सॉफ्टवेअरं काढली. ड्रॉवरमधले चार पेन ड्राइव्ह तपासले, दोनांत शॉर्टकट होते, लपलेली फोल्डरं वर आणली. पाऊण तास नुसता बसून राहिलो. खिडकी आली नाही.

शेठनं सहज विचारलं, ‘पण हे आलंच कशानं? लक्ष्मीपूजनाला कॉम्प्युटरला हळद-कुंकू लावलं आणि पाडव्यापासून सुरू झालं बघ.’ पाडव्यालाच त्यानं अँटिव्हायरसचं वर्ष भरलं होतं. त्याआधी ते कधी संपलं कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे खिडकी सुरू झाली ती किडा मेला त्या दिवशी. शेठ म्हणाला, ‘म्हंजे दिवाळीआधी काही त्रास नव्हता.’ त्रास तेव्हाच होता, फक्त खिडकी नव्हती. त्या दिवसांत याच मशीनवरून बँकेचे व्यवहार झालेत, सगळे पासवर्ड आजच्या आज दुसऱ्या मशीनवरून बदल, असं मी तीनदा सांगितलं. ‘बघू की’ म्हणाला. खिडकीसाठी यानं तिघांना बोलावलं आणि जे दिसत नाही त्याला ‘बघू की’.

आता जे मी शेठला सांगितलेलं नाही ते. शेड्युलरमध्ये प्रत्येक कामापुढं ते कधी तयार झालं हे लिहिलेलं असतं. काम पुसण्याआधी मी ते वाचलं होतं. १८ मार्च, दुपारी ४ वाजून १२ मिनिटं. दिवाळीच्या साडेसात महिने आधी. साडेसातीच म्हणा.

प्रिंटर मी मार्चमध्येच बसवला होता. ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, माझ्या पेन ड्राइव्हवरून टाकला होता.

दिवाणजी अजून किरकोळ खर्चाची वही हातानं लिहितात. शेठ बाहेर सौद्याला गेल्यावर मी म्हटलं, ‘काका, गेल्या मार्चची वही बघू जरा.’ त्यांनी काढून दिली. १८ तारखेला दोन ओळी होत्या : ‘चहा २, प्रिंटरवाले’ आणि ‘चहा ३, ऑडिटची पोरं’. वेळ अर्थातच नाही. ऑडिटची पोरं डेटा न्यायला पेन ड्राइव्हच घेऊन येतात. माझा तो पेन ड्राइव्ह त्यानंतर कितीदा पुसला गेला, मोजदाद नाही. दिवसाला चार गावच्या मशीनला तो लागतो. कवठेमहांकाळच्या पतसंस्थेला लावलेला संध्याकाळी मिरजेच्या दवाखान्यात. किडा पसरवायला यापेक्षा चांगलं वाहन कुठलं?

‘कशाला हवी होती?’ दिवाणजींनी विचारलं. ‘सहज,’ म्हणालो. त्यांनी वही मिटली, पण बोट त्या पानातच ठेवलं होतं.

पैसे घेतले नाहीत. शेठनं दोन किलो हळद दिली, ती घेतली. निघताना दोघांना बजावलं, बाहेरचा कुणाचाही पेन ड्राइव्ह या मशीनला लावू द्यायचा नाही, ऑडिटवाल्यांचासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींचा फोन. ‘खिडकी आली नाही. काम सुरू करू का?’

पंधरा दिवसांनी सीझन जोरात असताना प्रिंटर परत रुसला. गेलो. शेतकरी पट्टीसाठी ओळीनं उभे. मी खिशातून पेन ड्राइव्ह काढून मशीनकडं हात नेला, तर दिवाणजींनी मध्ये तळहात आडवा धरला.

‘बाहेरचा लावायचा नाही.’

‘अहो काका, माझा आहे.’

‘होय की,’ ते म्हणाले. ‘तुम्हीच सांगितलंय.’

पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि ड्रायव्हर तिथल्याच इंटरनेटवरून उतरवला. यार्डात रेंज कशी असते ते सांगायला नको, पाऊण तास लागला.