सव्वीस पौंडांची थकबाकी

हडर्सफील्डच्या बाजारात उभं राहून "अहो सायक्स!" अशी हाक मारली तर निदान चारजण मागे वळतील. आपल्याकडे पाटलांचं होतं तसंच. त्यामुळे त्या मंगळवारी आमच्या खिडकीशी आणखी एक सायक्स आजोबा येऊन उभे राहिले, यात नवल नव्हतं. नवल त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या कागदांत होतं.

मी पश्चिम यॉर्कशरमधल्या एका दफ्तरखान्यात वाचनकक्ष सांभाळते. पुण्यात इतिहास शिकताना मोडीचे रुमाल सोडायची सवय लागली होती, इथे रुमालांऐवजी करड्या पुठ्ठ्याच्या पेट्या येतात. पेन बाहेर ठेवा, पेन्सिल घ्या, पान दाबायला ही शिशाच्या मण्यांची माळ वापरा, हे दिवसातून वीस वेळा सांगायचं. येणारे बहुतेक लोक निवृत्त असतात आणि आपला खापरपणजा शोधत असतात. कुणाला तो सरदार निघावा असं वाटतं, कुणाला दरोडेखोर. शेतमजूर निघाला की दोघंही सारखेच हिरमुसतात.

हे आजोबा पंचाहत्तरी उलटलेले, लोकरीच्या गिरणीत रंगखात्यात जन्म घालवलेले. पंधरा वर्षं खपून त्यांनी वंशावळ जमवली होती. नातीने नाताळला डीएनए चाचणीचा संच भेट दिला, गालाच्या आतून कापूस फिरवून त्यांनी तो पाठवला, आणि निकाल आला तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती.

"माझ्या यादीत एकही सायक्स नाही, लव्ह," ते म्हणाले. यॉर्कशरमध्ये अनोळखी बाईलाही लव्ह म्हणतात. मी मनातल्या मनात त्याचं 'बाळ' करून घेते. "सगळे हेग आहेत!"

चाचणी वाय गुणसूत्राची होती, आणि यादी होती ते गुणसूत्र जुळलेल्या पुरुषांची. हे गुणसूत्र बापाकडून मुलाला मिळतं, मुलीला मिळत नाही. इंग्लंडात आडनावही साधारण तसंच उतरतं, म्हणून दोन्ही एकाच वाटेने चालत आली असावीत, असा या धंद्यातला सगळा हिशेब. (मला स्वतःला वाय गुणसूत्र नाही आणि आडनाव सासरचं आहे, त्यामुळे या विषयात मी तटस्थ.) आणि सायक्स हे काही साधं आडनाव नव्हे. या हिशेबाची पहिली नावाजलेली परीक्षा त्याच्यावरच झाली.

सायक म्हणजे ओहोळ, आमच्या कोकणात ज्याला पऱ्या म्हणतात तो. इथल्या डोंगरउतारांवर असे ओहोळ पावलोपावली, आणि दोन गावांची हद्दही कित्येकदा ओहोळावरूनच ठरायची. तेव्हा ओहोळाकाठचे अनेक जण वेगवेगळ्या ठिकाणी सायक्स झाले असणार, असंच आडनावांचे जाणकार धरून चालले होते. ऑक्सफर्डचे आनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन सायक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांना पत्रं पाठवून नमुने मागवले. २००० साली निष्कर्ष छापून आला. जवळजवळ निम्म्या सायक्सांचं वाय गुणसूत्र एकाच घडणीचं होतं, आणि ती घडण त्याच भागातल्या इतर आडनावांच्या पुरुषांत सापडली नाही. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचा बहुधा एकच मूळपुरुष. तपासल्या होत्या गुणसूत्रावरच्या फक्त चार जागा. आजोबांच्या चाचणीत सदतीस होत्या.

आजोबांना हे सगळं पाठ होतं. ते त्या मूळपुरुषाबद्दल असं बोलायचे की जणू गेल्याच आठवड्यात त्याच्याबरोबर बिअर प्याले होते.

"पण उरलेले निम्मे?" मी विचारलं.

"ते दुसरे," ते म्हणाले. आपण त्या दुसऱ्यांत असू, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी तिसऱ्या रिचर्डची गोष्ट काढली. लेस्टरच्या मोटारतळाखाली २०१२ साली त्या राजाचा सांगाडा सापडला. बहिणीच्या बाजूने उतरत आलेल्या वंशजांशी मातृवंशाचा डीएनए जुळला. पुरुषवंशाने नातेवाईक असलेल्या पाच जणांशी मात्र वाय जुळलं नाही, आणि त्या पाचांतल्या एकाचं तर उरलेल्या चौघांशीही जुळेना! राजवाड्यात जे होतं ते विणकराच्या घरात झालं तर काय बिघडलं?

"राजांचं राहू दे," आजोबा म्हणाले. "त्यांच्याकडून माझ्या काही अपेक्षाच नाहीत."

मग याच यॉर्कशरच्या पूर्व भागातल्या एका दुर्मीळ आडनावाची गोष्ट सांगितली. २००७ साली लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी ती प्रसिद्ध केली होती. त्या आडनावाच्या अठरा पुरुषांपैकी सात जणांत असा वाय गट निघाला, जो तोवर जवळपास फक्त पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांत दिसला होता. दिसायला सगळे गोरेपान इंग्रज. कागदपत्रांवरून वंश मागे नेला तर अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशरमध्येच येऊन थांबला. तो आफ्रिकी पूर्वज रोमन फौजेतून आला की पुढे गुलामांच्या व्यापारातून, हे आजही ठरलेलं नाही. उत्तर इंग्लंडातल्या हेड्रियनच्या भिंतीवर, रोमनांच्या सरहद्दीवर, तिसऱ्या शतकात मूर म्हणजे उत्तर आफ्रिकी सैनिकांची तुकडी होती, एवढं मात्र शिलालेखात आहे.

यावर आजोबा थोडे खुलले. "हेग असण्यापेक्षा ते बरं," म्हणाले. हेग मंडळी शेजारच्याच खोऱ्यातली, आणि रग्बीवरून काहीतरी जुनं वैर होतं. ते मी खोलात जाऊन विचारलं नाही.

मग आम्ही कामाला लागलो. त्यांची वंशावळ खापरपणजोबांपर्यंत पक्की होती. १८४१च्या जनगणनेत ते सापडले होते, वय वीस. म्हणून आजोबांनी १८२१ साल धरलं, त्या नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा शोधला, बापासकट मिळाला, आणि तिथून ते थेट सतराव्या शतकात जाऊन पोचले होते.

माझ्या पोटात तिथेच गोळा आला. १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहायची सूचना होती. वीस म्हणजे वीस ते चोवीस, काहीही. १८५१ची नोंद काढली. तिथे खरं वय आणि जन्मगाव लिहिलेलं असतं. वय चौतीस. जन्म १८१७च्या आसपासचा, आणि गावही वेगळं, कोन नदीच्या खोऱ्यात स्लेथवेटच्या वरच्या अंगाला. (लिहायचं स्लेथवेट, म्हणायचं स्लॅविट. पहिल्या वर्षी मी लिहिल्याप्रमाणे उच्चारलं आणि सगळं कार्यालय हसलं.) म्हणजे १८२१चं बाळ दुसऱ्याच कुणाचं. पंधरा वर्षं आजोबांनी परक्या घराण्याची सेवा केली होती.

"लग्नाचा दाखला पाहिलात का?"

पाहिला नव्हता. त्याच्या नकलेला पैसे पडतात. यॉर्कशरचा माणूस.

चर्चची नोंदवही आमच्याकडे फिल्मवर होती. १८३७नंतरच्या विवाहनोंदीत वधूवरांच्या बापाचं नाव आणि धंदा यांचा रकाना असतो. वराच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. शाई जरा जास्तच दाबून ओढलेली.

त्यानंतर मला घाई करवेना. या रेघेचा अर्थ मला माहीत होता आणि त्यांनाही कळला होता. १८१७ची बाप्तिस्म्याची वही: आईचं नाव, पुढे 'स्पिन्स्टर', मुलगा अनौरस. स्पिन्स्टर म्हणजे मुळात सूत कातणारी, मग अविवाहिता. त्या खोऱ्यात त्या काळी दोन्ही अर्थ एकदमच खरे असायचे. आईचं आडनाव सायक्स.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे नाव तिचं आहे."

तिचंच. मुलाने उचललं, आणि पुढे चार पिढ्या बापाकडून मुलाकडे शिस्तीत गेलं. आमच्या सासरी पणजोबा दत्तक आलेले. त्यांचं आडनाव, गोत्र, कुलदैवत सगळं एका दिवसात बदललं, आणि ते लपवायचं कुणाला सुचलंही नाही. उलट दत्तकविधानाचा कागद अजून ट्रंकेत आहे. हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण डोळे फिल्मच्या पडद्यावरच होते.

शेवटची पेटी गावाच्या गरीबखात्याची. जुन्या कायद्यात अनौरस मूल गावाच्या पैशांवर पोसावं लागू नये म्हणून दोन न्यायाधीशांसमोर आईची जबानी घ्यायचे, बाप कोण ते वदवून घ्यायचे, आणि त्याच्यावर बाळंतपणाचा खर्च नि आठवड्याची रक्कम बसवायचे. १८३४मध्ये कायदा बदलला आणि हे सगळं बाईच्या गळ्यात आलं. असे हुकूम छापील असत, मोकळ्या जागा हाताने भरलेल्या. प्रत्येक गावाचे टिकलेले नाहीत. या गावाचे टिकले होते.

सतरावा कागद. बाप: हेग, कापड विणणारा. आठवड्याला दोन शिलिंग. खाली जबानीवर बाईची सही नव्हती, एक वाकडी फुली होती आणि कारकुनाने शेजारी लिहिलं होतं, 'तिची निशाणी'.

गालातल्या कापसाने जे सांगितलं होतं तेच या कागदाने सांगितलं. असं इतकं नेमकं जुळणं माझ्या नोकरीत त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. माझे हात थरथरत होते. आजोबांचे नव्हते.

"दिले का त्याने?"

मला कळेना.

"दोन शिलिंग. दिले का?"

हिशेबाची वही त्याच पेटीत होती. १८१७च्या वसंतापासून हेगच्या नावावर जमा दिसते, कधी दोन आठवड्यांची एकदम. १८१९च्या वसंतात ती थांबते. पुढे नाव नाही, हुकूम रद्द केल्याचा शेरा नाही, मूल मेल्याची नोंद अर्थातच नाही. बहुधा पळाला. त्या वर्षांत हातमागाची मजुरी घसरत चालली होती, अनेक जण पळाले.

आजोबांनी माझी पेन्सिल घेतली आणि मागणीच्या चिठ्ठीच्या मागे आकडे मांडायला लागले. पोरगं सात वर्षांचं होईपर्यंत धरू, म्हणाले, मग ते गिरणीत लागलं असेल. पाच वर्षं, वर्षाचे बावन्न आठवडे, दोन शिलिंग. पाचशे वीस. पौंडाचे वीस शिलिंग, म्हणून वीसने भागले.

"सव्वीस पौंड."

फुलीच्या पानाची एक प्रत त्यांनी मागितली. तिचे पैसे निमूट मोजले. यादीतल्या एका हेगने त्यांना ईमेल करून चहाला बोलावलं होतं, गेले दोन महिने ते उत्तर देत नव्हते. आता रविवारी जातो, म्हणाले, आणि ही चिठ्ठी बरोबर नेतो.

दारापर्यंत जाऊन परत वळले. "व्याज सोडून देईन," म्हणाले.