अबू सिंबल १:१०० – प्ताह एकदाचा काळोखात बसला

मंडळी, जमलं! अबू सिंबल म्हणजे इजिप्तमधलं, दुसऱ्या रामसेस राजाने डोंगरात कोरवलेलं मंदिर. तिथे २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरच्या सुमारास उगवतं ऊन थेट गर्भगृहात जातं आणि तिथल्या ओळीने बसलेल्या चारपैकी तीन मूर्ती उजळतात, प्ताह देव तेवढा अंधारात राहतो. माझ्या १:१०० मॉडेलमध्ये तेच साधायचं होतं. आता आमून-रा, रामसेस आणि रा-होराख्ती उन्हात, आणि अगदी डावीकडचा प्ताह काळोखात. ज्यांनी ‘सरळ प्ताहला काळा रंग फास आणि मोकळा हो’ असं सुचवलं होतं, त्यांचे आभार. सल्ला मानलेला नाही.

मापं आधीचीच: दर्शनी भाग ३८ सेंटिमीटर रुंद, बसलेले चार रामसेस प्रत्येकी २० सेंटिमीटर उंच, आणि दारापासून गर्भगृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत साधारण ६० सेंटिमीटर. सगळं दुखणं या साठ सेंटिमीटरमध्ये होतं. एवढ्या लांबीवर दिशा एक अंश हलली की झोत एक सेंटिमीटर सरकतो, आणि या स्केलला एक देव जवळपास तेवढाच रुंद आहे. म्हणजे अंशभर फरकात एकाचं ऊन शेजारच्याच्या मांडीवर. रामसेसच्या माणसांनी हे अख्खा डोंगर आतून कोरत साधलं. माझ्याकडे लेझर पॉइंटर असून घाम फुटला.

दिव्यावर हे होत नाही, हे आता खात्रीने सांगतो. सूर्य आकाशात फक्त अर्धा अंश रुंद दिसतो आणि त्याचे किरण आपल्यापुरते समांतरच असतात. दिवा मीटरभरावर ठेवला तर दारातून शिरलेला झोत गर्भगृहात पोचेपर्यंत दीडपटीहून जास्त फुगतो, मग प्ताह कसला सुटतो! दिवा सहा मीटर लांब नेला की फुगवटा दहा टक्क्यांवर येतो. पण तिथून अर्ध्या अंशाचा सूर्य दाखवायला साडेपाच सेंटिमीटरची, सगळीकडे सारखी उजळलेली चकती हवी. ती केली, घरातला बोळ अडवला, घरच्यांची बोलणी खाल्ली. तरी प्ताह उजळलेलाच.

कारण निघालं वेगळंच. तीन मिलिमीटरचा पांढरा सनबोर्ड (मॉडेलच्या भिंतींचा फोमचा पत्रा) प्रकाश अडवतोय असं वाटतं, पण अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारून बघा. भिंतच मंद उजळते. एसीवाले वापरतात ती अ‍ॅल्युमिनियमची टेप बाहेरून सगळीकडे चिकटवली. फरक पडला, पुरेसा नाही. मग आतला रंग. क्रीम अ‍ॅक्रिलिकला अगदी थोडी चमक होती आणि दुसऱ्या दालनाच्या जमिनीवर पडलेलं ऊन उसळून थेट डाव्या कोपऱ्यात जात होतं. आता जमिनीवर पातळ फेव्हिकॉल आणि त्यावर चाळलेली बारीक वाळू. भिंतींना फळ्याचा काळा रंग, त्यात पिवळी माती आणि लाकडाचा भुसा. खऱ्या वालुकाश्मासारखं खरबरीत दिसतं आणि प्रकाश तिथेच जिरतो. मॉडेलसाठी म्हणून मिळणाऱ्या महागड्या ‘टेक्स्चर पेस्ट’पेक्षा हे मिश्रण मला कितीतरी आवडलं.

आत काय चाललंय ते बघायला कान साफ करायचा वायफाय कॅमेरा बाजूच्या भिंतीतून घुसवला आहे. स्वस्त आणि झकास. पण त्याच्या टोकाला स्वतःचे एलईडी असतात आणि अ‍ॅपमध्ये ते पूर्ण बंद होत नाहीत. टोकाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून मधे टाचणीने लेन्सपुरती जागा केली, तेव्हा कुठे अंधार अंधार दिसायला लागला.

आणि मग दिवा सोडून गच्ची गाठली. खरा सूर्य फुकट असताना बोळात खोटा कशाला करायचा? दर्शनी भागाच्या ओट्यात एक लांब खिळा दाराच्या अक्षाला समांतर ठोकला. पुढची बाजू विटांवर उचलून मॉडेल असं फिरवायचं की खिळ्याची सावली नाहीशी व्हावी. सावली गेली की अक्ष नेमका सूर्याकडे. ऊन आठ ओसायरिस-खांबांच्या (ओसायरिस देवाच्या रूपातले राजाचे पुतळे असलेल्या खांबांच्या) मधून, दुसऱ्या दालनातून सरळ आत गेलं आणि आमून-रा आणि रामसेसवर पडलं. सूर्य चढेल तसा झोत खाली उतरतो आणि किंचित उजवीकडे सरकतो, म्हणजे रा-होराख्तीकडे, प्ताहपासून दूर. व्हिडिओ पन्नासदा पाहिला असेल.

बाकीचं थोडक्यात. दर्शनी भागाच्या वरच्या ओळीतली बबून माकडं झाली. एम-सीलचा एक मूळ नमुना, त्यावरून सिलिकॉनचा साचा. ऑनलाइन मागवलेलं सिलिकॉन रबर दमट हवेत चिकटच राहिलं. पुण्याच्या बोहरी आळीतून सुटं आणलं ते पहिल्याच ओतकामाला निघालं. दारावरच्या कोनाड्यातला ससाण्याच्या डोक्याचा रा-होराख्तीही बसवला. त्याच्या हाताखालच्या दोन चिन्हांतून आणि त्याच्या स्वतःच्या आकृतीतून राजाचं ‘उसेरमात्रे’ हे नाव तयार होतं, त्यामुळे ती चिन्हं चुकवून चालणार नव्हतं. भिंगाखाली सुईने कोरली. वाचता येतात! निदान मला.

डावीकडून दुसरा रामसेस फोडला. पीओपी ओततानाच कमरेत खाच ठेवली होती, छिन्नीचा एक टोला आणि डोकं-धड सुटून पायाशी. मूळचा पुतळा प्राचीन काळीच भूकंपात पडला आणि मंदिर हलवताना अभियंत्यांनी ते तुकडे होते तसेच पुन्हा जमिनीवर मांडले, म्हणून मीही आधी फोटो बघूनच जागा ठरवल्या. इतकं समाधान अख्खा पुतळा करताना मिळालं नव्हतं.

लिहिता लिहिताच बेत बदलतोय. मागची बाजू पीओपीच्या डोंगराने झाकायची असं ठरलं होतं. पण १९६४ ते १९६८ मध्ये अस्वान धरणाच्या पाण्यापासून वाचवायला हे मंदिर तुकडे करून सुमारे ६५ मीटर वर नेलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यावरचा डोंगर पोकळ आहे. आत काँक्रीटचा प्रचंड घुमट आहे आणि मातीदगडांचं ओझं तो पेलतो. मग तेच का दाखवू नये? समोरून रामसेस, मागून अर्धा कापलेला घुमट. दर्शनी भागावर करवतीच्या खुणाही दाखवायचा मोह होतोय, पण खऱ्या फटी जेमतेम काही मिलिमीटरच्या. १:१०० ला कटरची रेघ त्याच्या कित्येक पट जाड होते. फार तर टोकदार पेन्सिल, तीही पुसट.

दुसरा बेत २२ ऑक्टोबरचा. (हा रामसेसचा वाढदिवस आणि २२ फेब्रुवारी राज्याभिषेकाचा, की उलट, ही गोष्ट गाइडांना लखलाभ. ठोस पुरावा नाही.) त्या दिवशी विटा न लावता, मॉडेल सपाट ठेवून उगवतं ऊन आत घ्यायचं. गणित मांडून बघितलं: अबू सिंबल साधारण २२.३ अक्षांशावर, पुणे १८.५ वर, तरी त्या दिवशी उगवतीच्या दिशेत फरक अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच. नागपुरात तर दहाव्या हिश्श्याच्या आसपास! पुण्यात अडचण अक्षांशाची नाही, समोरच्या टॉवरची आहे. सूर्य त्याच्यावर येईपर्यंत दक्षिणेकडे सरकलेला असतो. म्हणून नागपूरला मावशीकडे न्यायचा विचार आहे, तिच्या गच्चीवरून पूर्व मोकळी आहे. मोबाइलच्या होकायंत्रावर मात्र विसंबणार नाही, तो सहज चार-पाच अंश भरकटतो आणि तेवढ्यात चारही देव चुकतात. आदल्या दिवशी दुपारी काठीच्या सर्वांत आखूड सावलीवरून उत्तर आखून ठेवेन.

आता मदत हवी ती घुमटाची. थर्मोकोलचा गोळा कापून त्यावर पीओपी, की फुग्यावर कागदाचा लगदा? आतली बाजू गुळगुळीत काँक्रीटसारखी दिसायला हवी आणि ट्रेनमध्ये तडकता कामा नये. कुणी एवढ्या मापाचं केलं असेल तर जाडी किती ठेवली तेवढं सांगा.