किनोसाकीत गरम पाणी कुणाचं?

किनोसाकीत एक म्हणणं आहे. स्टेशन म्हणजे दार, रस्ते म्हणजे पडव्या, र्योकान म्हणजे खोल्या आणि गावातली सात सार्वजनिक स्नानगृहं म्हणजे न्हाणीघर. सगळं गाव मिळून एकच र्योकान, म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी मुक्कामाचं घर. हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव ह्योगो प्रांताच्या उत्तर टोकाला, जपानच्या समुद्राजवळ आहे. क्योतोहून थेट गाडी आहे, साधारण अडीच तासांची. माझी लेक कोबेला असते, तिने सुट्टी काढली आणि आम्ही दोघी डिसेंबरच्या थंडीत तिथे राहून आलो.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात गेली. नळपाणी योजना, टंचाई आराखडे, टँकरच्या खेपा, आणि 'माझ्या जागेत माझी बोअर, तुम्ही कोण विचारणार' असली भांडणं. त्यामुळे कुठल्याही गावात गेलं की पाणी कुठून येतं, कुणाच्या ताब्यात आहे आणि कसं वाटतात, हे मी आधी बघते. किनोसाकीत मला जे बघायला मिळालं ते सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

आमचं र्योकान लाकडी होतं, ओतानी नदीच्या काठाला. नदी म्हणजे खरं तर गावाच्या मधून वाहणारा ओढाच. दोन्ही काठांना विलो आणि मधे कमानदार दगडी पूल. दारात चपला काढल्या, त्या कुणीतरी आत नेऊन ठेवल्या, आणि थेट खोलीत तातामीवर बसलो. तातामी म्हणजे गवताच्या विणीची जाड चटई, तिला पहिल्या पावसानंतरच्या कुरणासारखा वास येतो. चहा आणि बीनच्या सारणाची छोटी मिठाई समोर आली. चहा आणणाऱ्या बाईंनी लेकीला सांगितलं, आईंना आधी हे खाऊ दे, रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं की चक्कर येते. खोलीत पलंग नाही, टेबल बुटकं, आणि रात्री आपण जेवत असताना त्याच खोलीत फुतोन, म्हणजे जमिनीवरच्या गाद्या, अंथरले जातात.

मग युकाता. सुती झगा, कमरेला ओबी, म्हणजे कापडी पट्टा. बाईंनी माझी डावी बाजू उजवीवर आणून घट्ट ओढली आणि ओबी पाठीमागे बांधला. उजवी बाजू वर फक्त मृताला नेसवताना घेतात, म्हणून त्या स्वतः तपासूनच खोलीबाहेर सोडतात. वरून जाड अंगरखा, पायात अंगठा वेगळा असलेले मोजे आणि गेता, म्हणजे लाकडी खडावा. गेत्यांवर र्योकानचं नाव. हातात वेताची टोपली, तिच्यात छोटा पंचा. संध्याकाळी पाचला रस्ता सगळा असाच. नवराबायको, आज्या, कॉलेजच्या मुली, सगळे युकात्यात आणि सगळ्यांच्या गेत्यांचा खटखट आवाज. मुक्कामाच्या पाहुण्यांना सार्वजनिक स्नानगृहांचा पास मिळतो, वेगळे पैसे पडत नाहीत. इथे या स्नानगृहांना सोतोयु म्हणतात.

इकडे मैत्रिणींनी मला सगळ्यात आधी विचारलं ते हेच, सगळ्यांसमोर? हो, सगळ्यांसमोर, अंगावर काहीही न घेता. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. आम्ही कोकणातल्या बायका नदीवर, विहिरीवर लुगड्यासकट आंघोळ करत वाढलो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं मी पंचा छातीशी धरून होते. पण तिथे कुणी कुणाकडे बघत नाही. वयस्कर बायकांची पोटं सुटलेली, कुणाच्या ओटीपोटावर सिझेरियनची रेघ, कुणाच्या गुडघ्यावर ऑपरेशनची. माझ्यासारखीच सगळ्यांची शरीरं. पंचा बाजूला ठेवला आणि मोकळी झाले.

आत गेल्यावर आधी भिंतीकडेच्या नळांसमोर बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, केसांसकट. साबणाचा एक थेंबही कुंडात जाता कामा नये. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या बाई त्यांच्याहून म्हाताऱ्या बाईंची पाठ चोळत होत्या, मान, खांदे, पाठीचा कणा, अगदी सावकाश. त्यांचं झाल्यावर त्यांनी दोन्ही स्टुलं धुतली, बादल्या धुतल्या, पालथ्या घातल्या, आणि जिथे बसल्या होत्या तिथल्या फरशीवर दोन तांबे पाणी ओतून फेस काढून टाकला. पुढच्या बाईला जागा कोरी मिळावी म्हणून. हे करताना त्या गप्पाच मारत होत्या, इतकं ते हाताला वळण पडलेलं. मी नंतर मुद्दाम बघितलं तर जवळजवळ प्रत्येक बाई तेच करत होती. नोकरीत मी सार्वजनिक नळकोंडाळ्यांच्या स्वच्छतेवर किती सभा घेतल्या! त्या बाईंच्या दोन तांब्यांनी मला फार बरं वाटलं.

पाणी साधारण बेचाळीस अंश. पाय घातला की चटका, मग गळ्यापर्यंत गेल्यावर सगळे सांधे सुटे होतात. इचिनोयुत डोंगराचा खडक कोरून केलेलं गुहेतलं कुंड आहे. या स्नानगृहाचं नाव आधी वेगळं होतं. एदो काळातले, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या जपानमधले, वैद्य कागावा शूतोकु यांनी इथलं पाणी सर्वोत्तम ठरवलं, तेव्हापासून ते इचिनोयु, म्हणजे पहिल्या क्रमांकाचं गरम पाणी, झालं. गोशोनोयुत उघड्यावर बसायचं आणि समोर डोंगरावरून धबधबे. मला आवडलं ते मांदारायु, लहान, आडबाजूचं. दोची नावाच्या भिक्षूने लोकांचे आजार बरे व्हावेत म्हणून इथे हजार दिवस प्रार्थना केली आणि 720 मध्ये हे पाणी वर आलं, अशी गावाची श्रद्धा आहे. अंगावर गोंदण असलेल्यांना जपानमध्ये पुष्कळ ठिकाणी कुंडात घेत नाहीत. इथल्या सार्वजनिक स्नानगृहांत घेतात.

आता मुख्य गोष्ट. आमच्या र्योकानमध्येही आत एक कुंड होतं, चारपाच बायका जेमतेम मावतील एवढं. इतक्या खोल्या आणि एवढंसं कुंड, म्हणून मी ओकामींना, म्हणजे मालकीणबाईंना, लेकीकरवी विचारलं. त्या म्हणाल्या, "यापेक्षा मोठं आम्हाला करता येत नाही, ठरलेलं आहे. आणि मोठं केलं तर पाहुणे बाहेर कशाला जातील?"

ठरलेलं कसं, ते ऐका. पूर्वी किनोसाकीतल्या र्योकानमध्ये गरम पाण्याचं कुंड नसायचंच. राहायचं-जेवायचं र्योकानमध्ये, आंघोळीला सगळ्यांनी सोतोयुत. 1927 मध्ये एका र्योकानने आपल्या आवारात गरम पाणी घेऊन आतच स्नानगृह काढलं. गाव उलटलं. एकाने काढलं की दुसरा काढणार, ज्याच्याकडे पैसा तो खोल जाणार, सोतोयुंचं पाणी आटणार, आणि पाहुणे आत बसून राहिले की रस्त्यावरची दुकानं बसणार. मालकाचं म्हणणं, जमीन माझी तर खालचं पाणी माझं. प्रकरण कोर्टात गेलं आणि वीसेक वर्षं चाललं, मधे महायुद्ध होऊन गेलं. 1950 मध्ये तडजोड झाली. गरम पाणी गावाच्या सामाईक व्यवस्थेकडे राहील, र्योकानना आत कुंड ठेवता येईल, पण त्याच्या आकाराला मर्यादा. पुढे 1972 मध्ये झऱ्यांचं पाणी एकत्र करून पाइपांनी सगळीकडे पोचवायची व्यवस्था झाली. झऱ्याशी पाणी ऐंशी अंशांच्या आसपास असतं, वर खारट. असलं पाणी लोखंडी पाइप दोन दिवस टिकू देत नाही, गंज आणि क्षार दोन्ही. ती लाइन चालू ठेवणं काय असेल याचा विचार करत मी रोपवेच्या पायथ्याशी मोतोयु नावाच्या झऱ्याशी बराच वेळ उभी होते. तिथे लोक जाळीच्या पिशवीतून अंडी सोडून उकडून घेत होते.

आमच्या संगमेश्वर तालुक्यात राजवाडी, तुरळ, आरवली इथे गरम पाण्याची कुंडं आहेत. लहानपणी आजी गुडघे धरले की राजवाडीला जायची, मी तिच्याबरोबर. तिथेही कुंड कुणा एकाचं नव्हतं, येईल त्याने उतरावं. पण त्या पाण्यावर कुणाचा पोटापाण्याचा धंदा उभा नव्हता, म्हणून भांडणही नव्हतं. किनोसाकीत सगळ्या गावाचं पोट त्या पाण्यावर आहे, आणि तरी त्यांनी स्वतःच्या उपशाला हद्द घालून घेतली. मला त्याचं अप्रूप आहे. माझ्या जिल्ह्यात आंब्याच्या बागांसाठी शेजारी शेजारी बोअर मारून दोन्ही कोरड्या पडलेल्या मी बघितल्या आहेत, आणि तेव्हा आमच्या हातात कागदाशिवाय काही नव्हतं.

हे गाव एकदा पुरतं जळालेलं आहे. 23 मे 1925 ला सकाळी अकराच्या सुमारास भूकंप झाला, दुपारच्या जेवणाच्या चुली पेटलेल्या, लाकडी घरं. त्या भागात चारशेहून जास्त माणसं गेली. गाव पुन्हा बांधताना रस्ते रुंद केले, आग अडावी म्हणून मधे मधे काँक्रीटच्या इमारती घेतल्या, आणि नदीच्या काठाला गेन्बुदो गुहेतले बेसॉल्टचे दगड लावले. पुलावर वाकून बघितलं तर काठाच्या भिंतीत सहाकोनी तोंडं दिसतात. गेन्बुदो जवळच आहे. 1926 मध्ये भूभौतिकशास्त्रज्ञ मातुयामा मोतोनोरी यांनी तिथल्या खडकाचं चुंबकत्व मोजलं तर ते आजच्या उलट दिशेचं निघालं, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एकेकाळी उलटं होतं ही कल्पना त्यातून पुढे आली. अभियांत्रिकीला भूगर्भशास्त्र शिकलेल्या माणसाला ही भिंत चुकवून चालणार नाही.

रात्रीचं जेवण खेकड्याचं. नोव्हेंबर ते मार्च हा इथला हंगाम, आणि जवळच्या त्सुइयामा बंदरात उतरलेल्या खेकड्याच्या पायाला निळी चकती असते. लांब, बारीक पायांचा खेकडा. काही पाय कच्चेच बर्फाच्या पाण्यात बुडवलेले, त्यांचं मांस फुलासारखं उमलून येतं, काही निखाऱ्यावर, काही भाज्या आणि तोफूबरोबर समोरच्या भांड्यात उकळत. कवटीतला गर त्याच कवटीत भाजून देतात, तो मी शेवटच्या थेंबापर्यंत पुसून खाल्ला. सगळ्यात शेवटी त्या उरलेल्या रश्श्यात भात आणि अंडं घालून मऊ पेज करतात. मी कुर्ल्यांच्या घरातली, आमचा सगळा जीव वाटणात आणि तिरफळात. इथे मीठही बेतानेच, आणि तरी पेजेच्या वाडग्यात अख्खा समुद्र होता. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच स्पष्ट सांगा, कारण साध्या सूपमध्येही माशाचा अर्क असतो, आणि आयत्या वेळी स्वयंपाकघराला काही करता येत नाही.

सकाळी लेक झोपलेली असताना मी एकटी कोनोयुला गेले. जखमी करकोचा तिथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला, अशी त्याची गोष्ट सांगतात. गोष्टीतला तो पक्षी खरोखरच या भागातला. शेतातल्या औषधांनी त्यांचं खाद्य संपलं आणि 1971 मध्ये जपानमधला शेवटचा रानटी करकोचा इथेच, किनोसाकी ज्याच्या हद्दीत येतं त्या तोयोओका शहरात, मेला. मग रशियाहून पिल्लं आणून वाढवली, शेतकऱ्यांनी औषधं कमी केली, हिवाळ्यातही भातखाचरांत पाणी ठेवायला सुरुवात केली, आणि 2005 मध्ये पक्षी पुन्हा मोकळे सोडले. परतीच्या गाडीत खिडकीची जागा घ्या, मारुयामा नदीच्या बाजूची. आम्हाला खाचरात दोन दिसले.

निघताना बिल आलं. खोली आणि जेवणाखाली एक वेगळी ओळ होती, स्नानकर, माणशी 150 येन. हा कर कायद्याने झऱ्यांची राखण, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटनाच्या सोयी यांवरच खर्च करायचा असतो. लेकीला म्हटलं, ही पावती मला दे. ती आता माझ्या जुन्या पाणीपट्टीच्या फायलीत लावली आहे, आणि पुढच्या महिन्यात राजवाडीच्या सरपंचबाईंना भेटायला जाईन तेव्हा बरोबर नेणार आहे.