सी फायनलचा पहिला नंबर

नौकानयनात लाइटवेट डबल स्कल्स म्हणजे कमी वजनाच्या दोघांची, प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही असलेली बोट. तिचा नियम दोन ओळींत संपतो. पुरुषांच्या बोटीतल्या कोणाचंही वजन ७२.५ किलोच्या वर नको आणि दोघांची सरासरी ७० किलोच्या वर नको. माझं हाडपेर जड. कितीही उपास केले तरी काटा ७२ च्या खाली सरकायचा नाही. मग जोडीदारानं ६८ वर यायचं. तो यायचा. माझ्या वाटचं पोट तो मारायचा, आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. शाळेनं माझ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा मला सगळ्यात आधी तोच आठवला.

स्पर्धा होती स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला, रोटसे तळ्यावर. लांबट, अरुंद तळं, दोन्ही बाजूंना टेकड्या, त्यामुळे वाऱ्याचा त्रास कमी. पहिली जागतिक नौकानयन अजिंक्यपद स्पर्धा १९६२ मध्ये इथंच झाली. ज्यांच्या शर्यतींचे व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिले होते, ते खेळाडू शेजारी उभे राहून बोटी पुसत होते.

लाइटवेट गटाचं वजन शर्यतीच्या दोन तास ते एक तास आधी होतं. हिटच्या, म्हणजे पहिल्या फेरीच्या दिवशी जोडीदारानं सकाळी जर्किनवर जर्किन चढवून घाम काढला आणि काट्यावर उभा राहिला. वजन बसलं. पण उतरल्यावर त्याच्या पोटात पाणीसुद्धा टिकेना.

लाल दिव्याचा हिरवा झाला आणि सहा बोटी सुटल्या. अंतर २००० मीटर. तो ‘स्ट्रोक’च्या, म्हणजे लय धरणाऱ्याच्या जागेवर, मी त्याच्या पाठीमागे ‘बो’च्या जागेवर, म्हणजे मला सतत त्याची पाठ दिसत होती. पहिले हजार मीटर आम्ही घोळक्यात होतो. नौकानयनात खरी परीक्षा तिसऱ्या पाचशेत असते. मांड्या पेटतात, श्वास पुरत नाही आणि शेवट अजून लांब असतो. तिथंच त्याची पाठ लवकर उठायला लागली, वल्ह्याचा फटका, म्हणजे स्ट्रोक, आखूड झाला. मी ओरडत होतो, तो ऐकत होता, पण अंगात काही उरलंच नव्हतं. वल्हवणारा अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो. मागे टाकलेल्या बोटी त्याला दिसतात, पुढे गेलेल्या दिसत नाहीत. आम्हाला त्या दिवशी फक्त पंचांची मोटरबोट दिसत होती.

शेवटचा नंबर. धक्क्यावर तो कोणाशी बोलला नाही, बोट धुवायला लागला. कोचनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि त्याला घोट घोट मीठ-साखरेचं पाणी पाजलं.

रेपेचाजला, म्हणजे हिटमध्ये मागे पडलेल्यांना दुसरी संधी देणाऱ्या फेरीत, आम्ही वेगळी बोट होतो. वजन रात्रीच जागेवर आणून ठेवलं होतं, त्यामुळे सकाळी त्याला थोडं खाता आलं. शेवटच्या अडीचशे मीटरला आम्ही अक्षरशः तुटून पडलो, आणि पुढच्या फेरीची जागा बोटीच्या टोकावरच्या रबरी गोळ्याएवढ्या फरकानं गेली. फोटो पाहून निकाल लागला. हिटपेक्षा हे जास्त लागलं, कारण या वेळी सगळं देऊन झालं होतं.

उरली सी फायनल, म्हणजे तेरावा ते अठरावा क्रमांक ठरवणारी शर्यत. सकाळची वेळ, गॅलरी रिकामी. शाळेत लांब पल्ल्याच्या धावण्यात मी मागच्या घोळक्यात असायचो. पीटीचे सर शेवटचा मुलगा पोचेपर्यंत घड्याळ थांबवायचे नाहीत. त्याचीही वेळ वहीत लिहायचे आणि पुढच्या खेपेला त्याला दाखवायचे. सी फायनलला उगाच कशाला दमायचं, असं माझ्या मनात आलं नाही याचं श्रेय मी त्या वहीला देतो.

निम्म्यावर आम्ही तिसरे होतो. पंधराशेच्या खुणेला मी हाक दिली आणि त्याची पाठ लांब झाली, पहिल्या स्ट्रोकसारखी. एक बोट डोळ्यांसमोर आली, मग दुसरी. रेषेवर भोंगा वाजला तेव्हा सगळ्या बोटी आमच्या नजरेसमोर होत्या. तेरावा क्रमांक. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्याच्या बोटीच्या शर्यतीत, भारताचे दत्तू भोकनळ असेच सी फायनल जिंकून तेरावे आले. ‘फक्त तेरावा’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. हरलेल्या अंगानं पुन्हा काट्यावर आणि पुन्हा पाण्यात उतरणं काय असतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

पॅरिस २०२४ नंतर लाइटवेट गट ऑलिंपिकमधून गेला. जोडीदारासारख्या सडपातळ मुलांना आता नव्वद किलोच्या गड्यांशीच झुंजावं लागणार. मला हे मनापासून खुपतं. तो मात्र अशाच मुलांना शिकवतो आहे.

शाळेच्या फलकावर माझं नाव लागलं, याचा अभिमान आहेच. पण त्या बोटीत आम्ही दोघे होतो. तो आपल्या शाळेचा विद्यार्थी नाही, तरी मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की माझ्या नावाशेजारी त्याचंही नाव लावावं. रंगवण्याचा खर्च मी देईन.