दोन ओळींची चिठ्ठी

शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४. रात्री साडेअकरा

आज दिवसभर चिठ्ठ्या चिकटवल्या. बोटांना अजून खळ लागलेली आहे. दिवाळी अंकाच्या दीड हजार प्रती, त्यातल्या नऊशे झाल्या. पान ४३ वर कवितेच्या खाली, मूळ टायपातच छापलेली दोन ओळींची पट्टी. ती तिरकी जाऊ नये म्हणून बायकोने पुठ्ठ्याची एक खाच करून दिली, ती पानावर ठेवायची आणि पट्टी तिच्यात बसवायची. तरी शंभरात दोन-तीन वाकड्या जातातच.

हे का करावं लागलं ते लिहून ठेवतो.

आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर पानं जुळवायच्या कामाची मेल गेली अकरा वर्षं एकाच होस्टिंग कंपनीकडे आहे. स्वतःचं डोमेन, पाच मेलपेट्या, दर वर्षी न चुकता पैसे. २८ सप्टेंबरला त्यांची मेल आली: तुमचं खातं नव्या सर्व्हरवर हलवलं आहे, तुम्हाला काहीही करायची गरज नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे आमचा सुगीचा काळ. चार अंकांची जुळणी एकाच वेळी चालते, लेख मेलवर येतात, प्रुफं मेलवर जातात. मेल वाचली आणि कामाला लागलो.

३ तारखेला, घटस्थापनेच्या संध्याकाळी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्याची बातमी आली. एका अंकाच्या संपादकांनी त्यांचं संपादकीय बाजूला ठेवून रात्रीतून नवं लिहिलं आणि शुक्रवारी मला पाठवलं. सोमवारी सकाळी त्यांचा फोन. "अरे, वाचलंस का? कसं वाटलं?" मला काही आलेलंच नव्हतं. त्यांच्याकडे मेल परत आलेली नव्हती, कसली सूचना नव्हती. दुपारी ते पेनड्राइव्ह घेऊन स्वतः आले, ७४ वर्षांचा माणूस, दोन जिने चढून. संपादकीय अंकात लागलं. पण मग माझ्या मनात आलं की आणखी काय आलेलं नाही? आणि जे आलंच नाही त्याची यादी करायची तरी कशी?

त्याच दिवशी तक्रार नोंदवली. अमुक पत्त्यावरून पाठवलेली मेल पोचत नाही, पाठवणाऱ्याला नकार येत नाही, तारीख ही, वेळ ही. सगळं नीट लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: ब्राउझरची कॅशे साफ करा, आउटलुक बंद करून पुन्हा सुरू करा. केलं. मी वेबमेलमध्येही बघितलंय, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, तरी केलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाचं उत्तर: एमएक्स रेकॉर्ड बरोबर आहे, बदल सगळीकडे पोचायला ४८ तास लागतात, वाट पाहा. डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर टाकायची याचा पत्ता म्हणजे एमएक्स रेकॉर्ड. तो बदलून तोवर अकरा दिवस झाले होते आणि त्या रेकॉर्डची मुदत चार तासांची होती, म्हणजे चार तासांत नवा पत्ता सगळीकडे कळायला हवा, मी तपासली होती. चौथ्या दिवशी तिसरं नाव: आम्ही जीमेलवरून चाचणी मेल पाठवली, ती पोचली, सबब तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद. खाली किती तारे देता म्हणून विचारलेलं.

पुन्हा तिकीट उघडलं तर नवा नंबर, नवा माणूस, आणि पुन्हा कॅशेपासून सुरुवात. त्या रात्री मला खरोखर रडू येईल असं झालं. चूक कोणाकडूनही होते, माझ्याकडून रोज होते. पण मी काय लिहिलंय ते त्या चौघांपैकी एकानेही पूर्ण वाचलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात प्रुफाच्या कोपऱ्यात वाचणाऱ्याची सही आणि तारीख असते. चूक निघाली की तो कागद त्याच माणसापुढे जातो, आणि तो मान खाली घालून पुन्हा वाचतो. इथे माझा कागद रोज नव्या हातात जात होता आणि सही कोणाचीच नव्हती.

११ तारखेला रात्री कामं आवरल्यावर वहीत दोन रकाने पाडले. कोणाची मेल येते, कोणाची नाही. जीमेलवाल्यांची येते. कागदवाल्यांची येते. संपादकांची येत नाही, बाइंडरची येत नाही. या दोघांची डोमेनं मीच याच कंपनीकडे घेऊन दिलेली! संपादकांना फोन केला, ते जागे होते. त्यांच्या पॅनेलमध्ये पाठवलेल्या मेलचा माग काढायची सोय आहे, ती उघडायला लावली. "पोचली असं लिहिलंय रे," ते म्हणाले. कुठे पोचली ते वाचा म्हटलं. त्यांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं. मेल त्यांच्याच सर्व्हरवर पोचलेली होती, म्हणजे आम्ही जो सोडला त्या जुन्या सर्व्हरवर.

मग उलगडा झाला. जुन्या सर्व्हरच्या यादीतून आमचं डोमेन काढायचं राहिलं होतं. बाहेरून येणारी मेल एमएक्सचा पत्ता विचारते आणि नव्या सर्व्हरवर येते. पण त्या जुन्या सर्व्हरवरूनच निघालेली मेल असेल तर तो पत्ता विचारतच नाही, हे डोमेन माझ्याच घरातलं असं समजून आमच्या जुन्या पेटीत टाकून मोकळा होतो. त्याच्या लेखी ती पोचली, मग परत काय येणार? जीमेलवरून हजार चाचण्या केल्या असत्या तरी हे दिसलं नसतं.

दसऱ्याच्या दिवशी पूजा झाल्यावर बसून हे सगळं पुन्हा लिहिलं, या वेळी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. ऑनलाइन विक्रीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार असा अधिकारी नेमून त्याचं नाव साइटवर द्यावं लागतं, आणि ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते. साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात ते नाव सापडलं. सोमवारी सकाळी फोन आला. एक मुलगी होती, आवाजावरून पंचविशीची असेल. तिने मला मध्ये न तोडता बोलू दिलं, मग "एक मिनिट थांबा हं सर" म्हणून जुन्या सर्व्हरवरून मेल पाठवून बघितली. "हो सर, चूक आमची आहे. तुम्ही लिहिलंय तसंच आहे." जुन्या सर्व्हरच्या यादीत आमचं डोमेन स्थानिक होतं ते बाहेरचं केलं, पाच मिनिटांचं काम. मग जुन्या पेटीतल्या सगळ्या मेल तिने इकडे आणून दिल्या. एकतीस होत्या.

त्यात १ ऑक्टोबरची एक होती. संपादकांनी पुढे पाठवलेलं, एका कवयित्री बाईंनी तपासलेल्या प्रुफाचं स्कॅन. बाईंचं वय ८० च्या पुढे. थरथरत्या हाताने कवितेच्या शेवटी बाण काढून त्यांनी लिहिलं होतं, "शेवटच्या दोन ओळी राहिल्या आहेत. कृपया घ्याव्यात." ओळी पुन्हा पूर्ण लिहून दिल्या होत्या. पान लावताना मजकूर चौकटीबाहेर गेला होता, तळाशी ते लाल अधिक चिन्ह येतं, ते मी बघितलं नव्हतं. ती चूक माझी. ४ तारखेला संपादकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप होता, "फॉर्म ३ सोडा," म्हणजे एकत्र छापायच्या सोळा पानांचा तो तिसरा संच छपाईला जाऊ द्या. त्यांना वाटलं दुरुस्त्या मला मिळाल्यात, मला वाटलं दुरुस्त्या नाहीत. मी एकदा विचारायला हवं होतं. ५ तारखेला फॉर्म छापून झाला, पानं ३३ ते ४८.

काल पट्टी लावलेली पहिली प्रत घेऊन बाईंकडे गेलो. काय झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा बदलून कविता वाचली, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "कडा उचलली जाईल हो ही. थोडी खळ जास्त लावा."

म्हणून आज जास्त लावतो आहे. उरलेल्या सहाशे उद्या. २८ ला वसुबारस, त्याआधी प्रती स्टॉलवर जायला हव्यात. दिवाळी झाली की डोमेन दुसरीकडे हलवणार. त्या मुलीबद्दल माझ्या मनात काही नाही, उलट तिचं नाव मी वहीत लिहून ठेवलंय. पण अकरा वर्षांनंतरही माझं म्हणणं कोणीतरी वाचावं यासाठी मला नियम शोधावा लागला, ते काही मनातून जात नाही. हलवल्यावर जुन्या सर्व्हरवरून आमचं नाव खरंच काढलंय का ते बघायला आधी संपादकांच्या घरी जाईन आणि त्यांच्या खुर्चीत बसून स्वतःला एक मेल पाठवीन.