टँकरची खेप मोजायची कशी

फेब्रुवारी उजाडला की माण, जत, सिन्नर, येवला, वैजापूर, आष्टी अशा तालुक्यांत पाण्याच्या टँकरचे प्रस्ताव सुरू होतात. टँकरमध्ये पैसे खाल्ले जातात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. पण नेमके कुठे आणि किती, हे कागदावर मांडता येत नाही, म्हणून तक्रार टिकत नाही. ‘टँकर नीट येत नाही’ एवढाच अर्ज गेला की कार्यालय लॉगबुक, म्हणजे खेपांची नोंदवही पुढे करतं. त्यावर गावकऱ्यांच्याच सह्या असतात. विषय तिथेच संपतो.

सुरुवात गरजेच्या हिशोबापासून करा. टंचाईत माणशी रोज २० लिटर धरतात. दीड हजार लोकांच्या गावाला ३० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. मूळ आकडा २०११ च्या जनगणनेचा घेतला जातो, आणि त्यात नंतर वाढलेल्या वस्त्या नसतात. २०१९ च्या दुष्काळात सरकारने २०१८ ची लोकसंख्या धरायला सांगितलं होतं. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या ठरावात आजची लोकसंख्या वाडीवार लिहा. संयुक्त पाहणीला गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची माणसं येतील तेव्हा ही यादी हातात द्या.

आता पैशाकडे. ठेकेदाराचं बिल टँकरच्या क्षमतेवर आणि धावलेल्या किलोमीटरवर निघतं. म्हणून चोरीच्या जागाही ठरलेल्या: क्षमता फुगवायची, अंतर वाढवायचं, न झालेल्या खेपा दाखवायच्या.

क्षमता टेपने मोजता येते. लंबगोल टाकी असेल तर लांबी × रुंदी × उंची × ०.७८५, मापं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, आणि एक घनमीटर म्हणजे १००० लिटर. समजा लांबी ४.८, रुंदी १.९ आणि उंची १.४ मीटर आहे. गुणाकार होतो साधारण १०. म्हणजे टाकी दहा हजार लिटरची. बाहेरून मापलेलं असल्याने पत्र्याची जाडी धरली तर त्याहून थोडी कमीच. तिच्यावर १२,००० रंगवलेलं असेल, तर प्रत्येक खेपेला दोन हजार लिटर हवेत जातात. शंभर माणसांचं एका दिवसाचं पाणी आहे हे.

गावात टँकर बहुतेक वेळा विहिरीत ओततात, आणि एकदा ओतलं की किती आलं ते कुणालाच कळत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. विहिरीचा व्यास मोजा. सहा मीटर, म्हणजे सुमारे वीस फूट असेल, तर तळाचं क्षेत्रफळ ३.१४ × ३ × ३, म्हणजे २८ चौरस मीटरच्या आसपास. दहा हजार लिटर ओतले तर पातळी ३५ सेंटिमीटर चढायला हवी, बारा हजारांना ४२. दगड बांधलेल्या दोरीवर रंगाने खुणा करा, टँकर रिकामा होण्याआधी आणि झाल्याबरोबर माप घ्या. उशीर करू नका. कोरड्या विहिरीत पाणी भेगांतून जिरतं, लोक शेंदायला सुरुवात करतात, आणि ठेकेदार नेमकं त्याच्याकडेच बोट दाखवतो. मापाशेजारी तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा.

अंतराची चोरी जास्त हुशारीने होते. कागदावर उद्भव, म्हणजे पाणी भरण्याची जागा, २५ किलोमीटरवरच्या धरणाचा आणि टँकर भरतो चार किलोमीटरवरच्या अधिग्रहित, म्हणजे सरकारने टंचाईसाठी ताब्यात घेतलेल्या विहिरीवर. पंचवीस किलोमीटर जाऊन येणं, खराब रस्ता, भरायला अर्धा-पाऊण तास, ओतायला वीस मिनिटं. एका खेपेला तीन तास सहज जातात. त्याच गाडीच्या दिवसाला सहा खेपा आणि त्याही दोन गावांत लिहिलेल्या दिसल्या, तर वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

मग चार कागद शेजारी ठेवायचे: लॉगबुक, टँकरवरच्या जीपीएसचा अहवाल, उद्भवावरची भरण्याची नोंदवही आणि देयक, म्हणजे ठेकेदाराचं बिल. एकेकटा कागद नेहमी बरोबरच असतो, खोट सापडते ती जुळवताना. लॉगबुकमध्ये महिनाभराच्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या असतील तर त्या एका बैठकीत झालेल्या आहेत. भरण्याची वेळ महावितरणच्या भारनियमनात पडत असेल, तर मोटर कशावर चालली ते विचारा. जीपीएसवर डोळे मिटून विसंबू नका, कारण यंत्र काढून दुसऱ्या वाहनाला लावता येतं. पण लावलं तरी ते वाहन उद्भवावर आणि विहिरीवर किती वेळ थांबलं हे अहवालात उमटतं. दोन मिनिटांत दहा हजार लिटर ओतले जात नाहीत.

कागद मिळवायला माहितीचा अधिकार आहे. अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचा. ‘टँकर घोटाळ्याची माहिती द्या’ असं लिहिलंत तर काहीच मिळणार नाही. गाव, गाडी नंबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि या चार कागदांची नावं लिहा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. अर्जात छायाप्रतींबरोबर अवलोकनाचीही, म्हणजे मूळ कागद कार्यालयात बसून पाहण्याचीही मागणी करा. समोर बसून नोंदवही चाळताना जे दिसतं ते छायाप्रतीत दिसत नाही.

हे सगळं इतकं सोपं असेल तर थांबत का नाही? कारण टँकर हे राजकारणाचं भांडवल आहे. ठेका नावाला एकाचा, गाड्या दुसऱ्याच्या, आणि दोघंही पुढाऱ्याच्या निवडणुकीत राबलेले. कोणत्या वाडीला आधी खेप टाकायची यावर मतं फिरतात. लॉगबुकवर सही नाकारणाऱ्या सदस्याच्या वस्तीवरची खेप दुसऱ्या दिवशी बंद होते, मग पुढच्या वेळी सही आपोआप होते. मोठ्या धरणांच्या कामांवर २०१२ मध्ये निदान श्वेतपत्रिका निघाली, २०१४ मध्ये त्यांची चौकशी करणाऱ्या चितळे समितीचा अहवाल आला. गावच्या टँकरवर असं काही निघत नाही, कारण एका गावातली रक्कम छोटी दिसते. म्हणून सही एकट्याने करू नये. पाणी भरणाऱ्या चार-पाच बायकांनी माप घेऊन एकत्र सह्या केल्या, की कुणा एकीच्या घरावर राग काढणं अवघड जातं.

आणखी एक अडचण आता वाढत चालली आहे. जलजीवन मिशनची, म्हणजे घरोघरी नळाने पाणी देण्याची योजना कागदावर पूर्ण आहे, म्हणून टँकरचा प्रस्ताव परत येतो. नळ बसलेत, टाकी उभी आहे, पण उद्भवाची विहीर जानेवारीतच आटते. माणशी ५५ लिटरची योजना आणि त्याला पुरणारा उद्भवच नाही. अशा वेळी योजनेच्या अंदाजपत्रकासोबतचा उद्भवाचा दाखला आणि क्षमता चाचणीचा, म्हणजे विहिरीत किती पाणी येतं ते तपासल्याचा दिनांक मागा. चाचणी पावसाळ्यानंतर लगेच घेतलेली असेल तर उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि प्रस्तावासोबत हेच लेखी जोडायचं.

टंचाई आराखडा, म्हणजे टँकरसारख्या उपायांची सरकारी योजना, जूनअखेर संपतो. पाऊस पडला की गाव पेरणीत गुंततं आणि बिलं त्याच काळात निघतात. त्यामुळे अर्ज मे महिन्यातच टाका, आणि तुमच्या मापांची वही जोडून, पडताळणी होईपर्यंत देयक अदा करू नये असं पत्र गटविकास अधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.