बॉयलर सूट आणि भरलेली बाटली

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मापं घ्यायला गेले होते, मे महिना, दुपारचे दोन वाजलेले. वेल्डिंगला चार मुली, अंगात शर्ट-पँट एकत्र शिवलेले बॉयलर सूट, आणि चौघींच्याही पाण्याच्या बाटल्या भरलेल्याच. विचारलं तर एकजण म्हणाली, "ताई, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि हा सूट गळ्यापासून सगळा उतरवावा लागतो, खाली फरशी ओली, बाह्या धरायच्या कुठे?" मी कितीतरी वर्षं शाळांचे, हॉस्पिटलचे युनिफॉर्म शिवतेय, पण हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही.

बायकांसाठी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा पुरुषांचंच स्मॉल असतं. खांदा उतरतो, कमरेत ढगळ, हिपला घट्ट, छातीवर बटणांच्या मधे फट पडते म्हणून आतून सेफ्टी पिन. बाही लांब म्हणून दुमडायची, आणि फिरणाऱ्या लेथ किंवा ड्रिल मशीनसमोर ती सुटलेली घडी म्हणजे हातच आत ओढला जायची भीती. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २२ होतं, चालू मशीनची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालायचे आणि ते मालकाने द्यायचे, पण तिथे लिहिलं होतं प्रौढ पुरुष कामगार! बाईला तर चालू मशीनच्या धोक्याच्या भागांना तेल द्यायलाच मनाई होती. मग तिच्या मापाचा विचार करणार कोण?

कापडात मी तडजोड करत नाही. वेल्डिंगला पॉलिस्टर मिक्स नकोच, ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतं. शंभर टक्के कॉटन ड्रिल, म्हणजे तिरक्या विणीचं जाड कापड, तेही सॅनफोराइज्ड, म्हणजे आधीच आकसवून घेतलेलं, नाहीतर दोन धुण्यांत आखडतं आणि पुन्हा हिपला घट्ट. खिशांना झाकण पाहिजे, पँटला खाली दुमड नको, उघड्या खिशात आणि दुमडीत ठिणग्या अडकतात.

खरा वेळ गेला तो मागच्या भागात, सगळा सूट न उतरवता बाथरूमला जाता यावं म्हणून तो उघडणारा हवा होता. पहिल्या सॅम्पलला कमरेमागे आडवी चेन लावली, ती वाकलं की टोचायची. मग चेन दोन्ही बाजूंच्या शिवणीत घेतल्या, मागचा भाग तेवढाच खाली येतो, वरचं कापड त्यावर चार बोटं चढतं म्हणजे पाठ उघडी पडत नाही, आणि चेनवर कापडी पट्टी म्हणजे तापलेला धातू अंगाला लागत नाही. आमच्या कटिंग मास्टरनी पॅटर्न अकरा वेळा बदलला, एकदाही कुरकुर नाही. साइझ आम्ही आता छातीवर नाही, हिपवर ठरवतो.

धंदा म्हणाल तर अवघड आहे. पर्चेसवाले म्हणतात, पुरुषांचा सूट एवढ्याला येतो, हा महाग का? एका कंपनीत सहा बायका, त्यांचे चार साइझ, कापड मात्र अख्ख्या ताग्याने घ्यावं लागतं. म्हणून आता पाच-सहा वर्कशॉपच्या ऑर्डरी एकत्र करून सगळ्यांना एकच नेव्ही ब्लू देतो, तेव्हा कुठे कटिंग परवडतं. एकाने सांगितलं मागचा उघडणारा भाग काढा आणि रेट कमी करा, मी ऑर्डर सोडली. त्या महिन्यात पगार द्यायला सोनं गहाण ठेवलं, पण तरी सोडली ते बरंच केलं.

आता त्याच मुलींनी आतल्या बाजूला खिसा मागितलाय, सॅनिटरी पॅड ठेवायला, कारण शॉपफ्लोरवर पर्स नेता येत नाही. कमरेच्या आत लावला तर बेल्टखाली दबतो, डाव्या बरगडीपाशी लावून बघितलाय. मंगळवारी सेकंड शिफ्टला सॅम्पल घेऊन जातेय.